उजेडाचा तराजू



बाजारच्या दिवशी सुटे तेल आणायला गेलेला जाणता माणूस दुकानदाराला आधी काय सांगतो? तो म्हणतो, "शेटजी, पहिल्यांदा बरणीचा धडा करा." बरणीचे वजन तेलात धरले जाऊ नये, म्हणून दुसऱ्या पारड्यात तेवढेच वजन टाकावयाचे, काटा मध्यावर आणावयाचा आणि मगच तेल ओतावयाचे. तराजूला पासंग असेल, तर तोही अगोदर काढून घ्यावयाचा. हे शहाणपण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. आज मी ज्या मोजमापाविषयी बोलणार आहे, ते प्रयोगशाळेतले असले तरी या धड्यावरच उभे आहे. फरक इतकाच की, मोजावयाची वस्तू डोळ्यांना दिसत नाही, कोणत्याही काट्यावर ती चढत नाही, आणि तिला तोलण्यासाठी आम्ही वजनांऐवजी उजेड वापरतो.

ती वस्तू म्हणजे डीएनए. हा शब्द आता आपल्या कानांवरून वारंवार जातो. आईबापांचे गुण लेकरांत उतरतात, जोंधळ्याच्या दाण्यातून जोंधळाच उगवतो, त्याचे कारण हे द्रव्य. आपल्या शरीरातील बहुतेक प्रकारच्या पेशींत ते असते. त्याची रचना दुपदरी दोरासारखी आहे. दोन पदर एकमेकांभोवती पीळ घालून बसलेले. हा पीळ 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी उलगडून दाखविला. त्यामागे रोझलिंड फ्रँकलिन आणि मॉरिस विल्किन्स यांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांचा आधार होता. परंतु हे द्रव्य प्रथम हाती लागले ते त्याच्याही पुष्कळ आधी, 1869 साली. फ्रीडरिश मिशर नावाचा एक तरुण स्विस संशोधक जर्मनीतील ट्युबिंगेन गावी, जुन्या किल्ल्याच्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत काम करीत असे. इस्पितळातून टाकून दिलेल्या पट्ट्यांवरचा पू धुऊन त्यातील पेशींपासून त्याने हे द्रव्य वेगळे केले. दुसऱ्यांना ज्याची किळस वाटली, त्यात त्याला हे सापडले.

आता हे द्रव्य किती थोडे असते पाहा. माणसाच्या एका पेशीत साधारण साडेसहा पिकोग्रॅम डीएनए असतो. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. रक्तातल्या तांबड्या पेशींत तर तो नसतोच. मिळतो तो पांढऱ्या पेशींतून. त्यामुळे एक मिलिलिटर रक्तातून आमच्या हाती लागतो तो जेमतेम 20 ते 40 मायक्रोग्रॅम, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्याच्याही हजाराव्या भागाला नॅनोग्रॅम म्हणतात. सोनाराची गुंज आपल्या ओळखीची आहे. एका गुंजेचे वजन सुमारे 120 मिलिग्रॅम. म्हणजे एका गुंजेत बारा कोटी नॅनोग्रॅम झाले. आणि आम्हाला तर कधी चाळीस, कधी पन्नास नॅनोग्रॅमचा हिशेब करावयाचा असतो!

तुम्ही म्हणाल, एवढे बारीक मोजून करावयाचे काय? असेल तेवढे घालावे आणि तपासणी करावी. पण तसे चालत नाही. 2020 च्या कोरोनाच्या साथीत आरटी-पीसीआर हे नाव घरोघरी पोहोचले. त्यातली पीसीआर ही रीत म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या नकला काढण्याची रीत. आजार शोधताना, बियाण्याची जात ओळखताना, गुन्ह्याच्या तपासात, सगळीकडे ती वापरतात. तिच्यात डीएनए फार थोडा पडला, तर नकला निघत नाहीत आणि उत्तर येत नाही. फार जास्त पडला, तर त्याच्याबरोबरची घाणही जास्त येते. नकला अडतात, किंवा नको त्या जागी निघतात. भाजीतल्या मिठासारखेच हे आहे. मात्र भाजी चाखून पाहता येते, इथे चाखण्याची सोय नाही.

याबाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. मी या कामात नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका खेड्यातून एक बाई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलाला रक्ताचा आनुवंशिक आजार होता, आणि नेमका दोष कोणता, हे डीएनए तपासून ठरवावयाचे होते. मुलाचे रक्त घेतले. त्यातून मी डीएनए काढला, आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे तो अतिनील प्रकाशाच्या यंत्रावर मोजला.

ही जुनी रीत अशी. सूर्यप्रकाशातल्या जांभळ्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश असतो, तो अतिनील. त्यातला 260 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश डीएनए शोषून घेतो. नमुन्यातून प्रकाश सोडावयाचा आणि पलीकडे किती कमी पोहोचला ते पाहावयाचे. सावली जितकी गडद, तितका डीएनए जास्त. शोषणाचा आकडा एक आला की मिलिलिटरमागे 50 मायक्रोग्रॅम, असे कोष्टक ठरलेले आहे. रीत सोपी आहे, झटपट आहे, आणि आजही ती रोज वापरली जाते. पण तिच्यात एक खोट आहे. सावली कोणाची पडली, हे ती सांगत नाही. पेशीत डीएनएचा भाऊबंद शोभावा असा आरएनए नावाचा एकपदरी पदार्थ असतो. त्याचीही सावली तिथेच पडते. मोडलेल्या तुकड्यांची पडते. डीएनए काढताना वापरलेले फिनॉल मागे राहिले, तर त्याचीही थोडीबहुत पडते. अंगणातल्या सावलीवरून तिथे कोणीतरी उभे आहे एवढे कळते. ते आपले पाहुणे की परके, हे कळत नाही.

माझ्या यंत्राने आकडा दाखविला, मायक्रोलिटरमागे 60 नॅनोग्रॅम. मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. आपल्या नेहमीच्या थेंबाचे पन्नास भाग केले, तर त्यातला साधारण एक. प्रत्येक नळीत पन्नास नॅनोग्रॅम डीएनए पाहिजे होता, म्हणून मी एकेक मायक्रोलिटर घातला आणि निश्चिंत झालो. एका फेरीला बारा नळ्या. पहिली फेरी वाया गेली. रसायनांना दोष देऊन दुसरी केली, तीही वाया गेली. तिसरीही गेली. नमुना होताच मुळी चाळीस मायक्रोलिटर. तो संपत आला. तेव्हा आमच्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी विचारले, "अहो, यात डीएनए आहे किती, हे रंगाने मोजून पाहिलेत का?" मी पाहिले नव्हते. तळाशी उरलेल्या थेंबात रंग घालून पाहिला, तर खरा आकडा निघाला सहा नॅनोग्रॅम. दहावा हिस्सा! बाकी सगळा बहुतेक आरएनए होता. तो काढून टाकण्याची पायरी माझ्याकडूनच नीट झाली नव्हती.

माप चुकले माझे, पण दंड कोणाला बसला? त्या बाईंना एका दिवसाची मजुरी बुडवून, दोन एस. टी. बदलून पुन्हा यावे लागले, आणि त्या लेकराला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. तेव्हापासून आधी रंगाने मोजल्याखेरीज मी एकही नमुना पुढे पाठविलेला नाही.

आता हा रंग काय करतो, ते पाहू या. काही पदार्थ असे असतात की त्यांच्यावर एका रंगाचा प्रकाश पडला की ते दुसऱ्या रंगाचा प्रकाश देतात. क्विनीन हे हिवतापाचे कडू औषध जुन्या लोकांना आठवत असेल. 1852 साली जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने क्विनीनच्या द्रावाची नळी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यातून सरकवीत नेली. जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना नुसता अंधार होता, तिथे नळी आली आणि तिच्यात निळा उजेड प्रकटला. न दिसणारा प्रकाश घेऊन द्रावाने दिसणारा प्रकाश परत दिला होता. या गुणाला स्टोक्सने फ्ल्युओरेसन्स असे नाव दिले. आपण साध्या भाषेत उजळणे म्हणू. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली नोटेवरचे आकडे उजळतात, ते याच गुणामुळे.

आम्हाला रंग हवा असतो तो एका विशेष स्वभावाचा. नुसत्या पाण्यात असताना तो जवळजवळ अंधारा राहिला पाहिजे, आणि डीएनएला चिकटला की उजळला पाहिजे. असे का घडते? मोकळा सुटलेला खोंड आपली रग उधळण्यात घालवितो. जू मानेवर आले की तीच रग नांगराला लागते. रंगाचा रेणू पाण्यात मोकळा असतो तेव्हा प्रकाशातून मिळालेली शक्ती तो हलण्या-वळण्यात आणि पाण्याशी धडकण्यात घालवितो. डीएनएच्या पिळात घट्ट बसला म्हणजे त्या वाटा बंद होतात, आणि ती शक्ती उजेड होऊन बाहेर पडते.

अशा रंगांचा इतिहास मनोरंजक आहे. एथिडियम ब्रोमाइड हा रंग मुळात गुरांचे औषध. आफ्रिकेत माशीच्या चाव्यातून गुरांना जो ट्रिपॅनोसोम जंतूंचा रोग होतो, त्यावर ते 1950 च्या दशकात वापरात आले. हा रेणू डीएनएच्या पायऱ्यांच्या मधोमध शिरतो आणि नारिंगी उजळतो, असे दिसून आल्यावर 1966 साली ल पेक आणि पाओलेत्ती या फ्रेंच संशोधकांनी त्याच्या साह्याने डीएनए आणि आरएनए मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. मात्र हा रंग आरएनएलाही धरतो. पुढे जर्मनीतील हेक्स्ट कंपनीचा, 33258 या क्रमांकाने ओळखला जाणारा रंग पुढे आला. तो पायऱ्यांत न शिरता पिळाच्या अरुंद खोबणीत बसतो, आणि आरएनएबरोबर फारसा उजळत नाही. लाबार्का आणि पेगन यांनी 1980 साली त्याची जी सोपी रीत लिहिली, ती जगभर पसरली. त्यानंतर 1997 साली पिकोग्रीन या रंगाची रीत प्रसिद्ध झाली. निळा प्रकाश टाकला की तो हिरवा उजळतो, आणि दुपदरी डीएनए मिळताच त्याचा उजेड हजार पटींहून अधिक वाढतो. एका मिलिलिटरमध्ये 25 पिकोग्रॅम, म्हणजे चार पेशींइतका डीएनए असला, तरी तो कळतो.

आता प्रत्यक्ष मोजणी. त्या मुलाच्या दुसऱ्या नमुन्याचाच हिशेब सांगतो. तोंडी ध्यानात राहावा म्हणून आकडे सोपे करून घेतो. शिक्षक मित्रांनी हवे तर फळ्यावर मांडावा.

प्रथम रंगाचे पातळ द्रावण करावयाचे आणि ते अंधारात ठेवावयाचे, कारण उजेडात हे रंग विटतात. मग काही नळ्या घ्यावयाच्या. पहिल्या नळीत नुसता रंग, डीएनए मुळीच नाही. ती यंत्रात ठेवली. यंत्र निळा प्रकाश टाकते, आणि रंगीत काचेने तो निळा अडवून, फक्त हिरवा उजेड मोजते. आकडा आला 40. डीएनए नसताना आलेला हा आकडा म्हणजे आमच्या बरणीचे वजन. हाच धडा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या नळीत, ज्याचे माप आधीच पक्के ठाऊक आहे असा डीएनए घालावयाचा. पूर्वी त्यासाठी वासराच्या थायमस ग्रंथीतला डीएनए वापरीत. आता लॅम्डा नावाच्या विषाणूचा पुष्कळदा वापरतात. ही आमची छाप मारलेली वजने. दुसरीत 50 नॅनोग्रॅम घातला, आकडा आला 440. तिसरीत 100 घातला, आकडा आला 840. धडा वजा केला, तर 400 आणि 800. डीएनए दुप्पट, उजेड दुप्पट. आलेखाच्या कागदावर हे बिंदू मांडले, तर सरळ रेषा येते. एका नॅनोग्रॅममागे उजेड आठ.

आता मुलाचा नमुना. चौथ्या नळीत त्यातला दोन मायक्रोलिटर घातला. आकडा आला 360. धडा वजा जाता राहिले 320. आठाने भागले, आले 40. म्हणजे दोन मायक्रोलिटरमध्ये 40 नॅनोग्रॅम, एकात 20. गुंजेचा तीस लाखावा भाग आम्ही तोलला होता! सगळा नमुना 200 मायक्रोलिटर होता. तेव्हा एकूण डीएनए 4,000 नॅनोग्रॅम. प्रत्येक नळीला 50 लागतात, तर अडीच मायक्रोलिटर घालावे, आणि ऐंशी नळ्यांना पुरेल इतका माल आहे. पाव मिलिलिटरहून कमी रक्तातून एवढे निघाले. पहिल्याच खेपेला असे मोजले असते, तर दुसरी सुई लागली नसती.

परंतु श्रोतेहो, हा तराजू सर्वज्ञ आहे असेही नव्हे. त्याच्या मर्यादा ओळखूनच तो वापरला पाहिजे. डीएनए फार जास्त झाला म्हणजे रंग अपुरा पडतो, रेषा वाकते, आणि आकडा खोटा येतो. अशा वेळी नमुना पातळ करून पुन्हा मोजावा. नमुना उकळला गेला असेल, तर डीएनएचे दोन पदर सुटे होतात आणि असलेला डीएनएही नीट मोजला जात नाही. हेक्स्टचा रंग डीएनएच्या ठराविक घटकांजवळ अधिक बसतो. म्हणून आपली वजनेही शक्य तो नमुन्याच्याच जातीची असावीत. आणि मुख्य गोष्ट, हा तराजू किती ते सांगतो, कसा ते सांगत नाही. डीएनए मोडून तुकडे झाला असला, तरी तुकडे दुपदरी असतील तोवर उजेड पडतोच. पोत्याचे वजन भरले म्हणून आतला दाणा किडका नाही, असे कोणी म्हणत नाही. त्यासाठी दाणा वेगळा पाहावा लागतो. आम्हीही डीएनएचे तुकडे जेलवर पसरून वेगळे पाहतो. अतिनील यंत्रही म्हणून आम्ही टाकून दिलेले नाही. 260 आणि 280 या दोन ठिकाणच्या शोषणाच्या आकड्यांचे गुणोत्तर 1.8 च्या आसपास आले, तर प्रथिनांची घाण फारशी नाही, हे ते सांगते. पण आरएनएची भेसळ त्या गुणोत्तरात सहजी उघडी पडत नाही, आणि मी फसलो तो तिथेच.

शिक्षक मित्रांनो, हे तत्त्व शाळेत दाखविता येण्यासारखे आहे. डीएनए नको, महागडे यंत्र नको. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा, औषधाच्या दुकानात मिळणारे स्पिरिट, काचेच्या चार-पाच सारख्या बाटल्या आणि घरी कुटलेली हळद एवढे पुरे. चिमूटभर हळद पाण्यात टाका, तेवढीच स्पिरिटमध्ये टाका, आणि दोन्ही निवळू द्या. खोलीत अंधार करून वरच्या निवळीवर दिवा धरा. पाण्याची निवळी जवळजवळ तशीच राहील. स्पिरिटची पिवळसर हिरवी उजळेल. हळदीचा तो रंग पाण्यात फारसा विरघळतही नाही आणि उजळतही नाही; स्पिरिटमध्ये दोन्ही करतो. सोबत मिळाली तर उजळायचे, एरवी गप्प राहायचे, हा आमच्या रंगाचाच स्वभाव झाला.

मग हळदीच्या त्या निवळीचे पाच, दहा आणि वीस थेंब तीन बाटल्यांत सारख्याच स्पिरिटमध्ये घाला. चौथीत नुसते स्पिरिट ठेवा, तो धडा. पाचवीत एका विद्यार्थ्याला गुपचूप किती तरी थेंब घालू द्या, आणि वर्गाने उजेडावरून ते ओळखावेत. मुलांनी हळद फार दाट केली की हिशेब बिघडतो, हेही त्यांना आपोआप कळेल. सावधगिरी एवढीच की, दिव्याकडे कोणी रोखून पाहू नये, आणि स्पिरिट पेट घेते, तेव्हा जवळ विस्तव नसावा; ते शिक्षकांनी आपल्याच हाताने ओतावे.

त्या मुलाची तपासणी दुसऱ्या खेपेला पहिल्याच फेरीत उतरली. दोष कोणता ते कळले, आणि डॉक्टरांना पुढचे उपचार ठरविता आले. अहवाल न्यायला बाई आल्या तेव्हा मी त्यांना खरे काय झाले ते सांगितले. त्या घरचे तूप विकणाऱ्या. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे तुम्ही धडा न करताच तोलले होय?"

होय, तेच झाले होते. यंत्राने दाखविलेला आकडा मी तूप समजून घेतला, आणि त्यात बरणी किती, हे पाहिलेच नाही. त्यानंतर मी प्रयोगशाळेत कितीतरी नवी यंत्रे पाहिली. पण नवा विद्यार्थी आला की त्याला पहिल्या दिवशी मी यंत्र दाखवीत नाही. बाईंचा तो प्रश्न सांगतो, आणि मग रिकामी नळी त्याच्या हातात देऊन म्हणतो, हिच्यापासून सुरुवात कर.